सहा मिनिटं चाळीस सेकंद

आधीच सांगते, मला राग आलेला आहे आणि तो उतरावा म्हणून मी हे सांगत नाहीये. उतरायला नकोच आहे. गोष्ट माझ्या आत्याची आहे. पण मध्ये मध्ये माझा दादा येणार, आणि तो आला की माझा आवाज चढणार. चालवून घ्या.

आमचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान आहे. दहा फूट रुंद आणि मागे बोळासारखं लांब. भिंतभर खिळ्यांना कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या, मागे किल्ल्या कापायचं मशीन, पुढे काउंटर, आणि काउंटरच्या टोकाला, जिथे दार उघडलं की वाऱ्याचा झोत येतो, तिथे आत्याची खुर्ची. खुर्चीसमोर फोन. वायरचा, हिरवा, बटणांवरचे आकडे पुसून गेलेला. किल्ल्या मी कापते. कुणी दाराबाहेर अडकलं की खांद्याला पिशवी लावून स्कूटरवरून दार उघडायलाही मीच जाते. दादा धंदा बघतो. म्हणजे नेमकं काय बघतो, ते मला विचारू नका.

आत्या एकसष्ट वर्षांची. दुकान आधी बाबांचं आणि आतोबांचं मिळून होतं. सव्वीस वर्षांपूर्वी आतोबा गेले. दोन महिन्यांनी आत्या दुकानात आली आणि बाबांना म्हणाली, "मला घरात बसवत नाही, काहीतरी काम दे." बाबांनी तिला फोनसमोर बसवलं. चार दिवस बसेल, मन रमेल, मग जाईल, असा त्यांचा हिशोब. ती बसली ती बसलीच. बाबा गेले, मी मोठी झाले, दादाच्या डोक्यावरचे केस गेले, आत्या तिथेच.

फोन उचलण्यात काय मोठं, असं सगळे म्हणतात. दादाही म्हणायचा. बसून बघा एक दिवस! स्वतःच्या दाराबाहेर अडकलेला माणूस ठिकाणावर नसतो. पत्ता विचारला तर जुन्या घराचा सांगतो. एका बाईंनी तर माहेरचा सांगितला होता, आणि मी गेलेही होते. म्हणून आत्या आधी नाव विचारत नाही, पत्ता विचारत नाही. पहिला प्रश्न, "आत कोण आहे?" कुणी नसलं तर तिचा आवाज सैल होतो आणि थट्टा सुरू होते, "मग घाई कसली? कुलूप काय पळून जातंय?" आणि आत कुणी असलं, तर ती माझ्याकडे बघून दोन बोटं वर करते. मी हातातलं टाकून निघते, पत्ता ती मला वाटेत सांगते. एकदा पाच वर्षांची पोर आत आणि आजोबा बाहेर, असं झालं होतं. आत्याने आजोबांना फोन दाराच्या फटीशी धरायला लावला आणि त्या पोरीशी गप्पा मारत मारत तिला स्टूल ओढायला लावलं, वर चढायला लावलं, कडी सरकवायला लावली. मी घामाघूम होऊन पोचले, तर दोघं बिस्किटं खात बसली होती. आजोबा मला म्हणाले, "तुम्ही कोण?"

आणि शेवटचा प्रश्न, "आमचा नंबर कुठे मिळाला?" हे विचारून अंबाड्यातली पेन्सिल काढायची आणि लांबट वहीत एक रेघ मारायची. वहीत तीन रकाने. पाटी, ओळखीचे, वेबसाईट. बाबांनी दुकानाची पाटी नवीन केली होती, ती लोकांना दिसते तरी का, हे बघायला तिने हे सुरू केलं. मग सवयच लागली. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

वेबसाईट मीच केली होती, चार वर्षांपूर्वी. एकच पान. दुकानाचं नाव, खाली हा एवढा मोठा फोन नंबर, आणि "कधीही फोन करा". संपलं. दिसायला गबाळी होती, मान्य आहे. पण आठवड्याला वेबसाईटच्या रकान्यात एकोणीस-वीस रेघा पडायच्या.

हे सगळं सुखाने चाललेलं असताना दादा कुठल्याशा व्यापाऱ्यांच्या मेळाव्याला गेला आणि आकडेवाल्याला घेऊन आला. छोट्या धंद्यांच्या वेबसाईटवर किती लोक येतात, काय बघतात, किती वेळ थांबतात, ते मोजून द्यायचं हे त्याचं काम. गोड बोलणारा, पातळसा लॅपटॉप, आणि बूट असे की आमच्या फरशीवर पाय ठेवताना त्याला जपावं लागत होतं. त्याने महिनाभर मोजणी केली आणि मग काउंटरवर तक्ता उघडून चेहरा पाडून म्हणाला, "लोक येतायत, पण थांबत नाहीयेत. सरासरी आठ सेकंद. आठ सेकंदांत निघून जातात."

डॉक्टरने वाईट बातमी सांगितल्यावर होतो तसा दादाचा चेहरा झाला.

आत्या म्हणाली, "अरे बाबा, दाराबाहेर उभा असलेला माणूस थांबेल कशाला? नंबर बघतो नि फोन लावतो."

आकडेवाला समजूतदार हसला. "मावशी, पाहुणा आला आणि उंबऱ्यावरूनच परत गेला, तर त्या घराला काय म्हणायचं?" दादाही हसला. स्वतःच्या आत्याला कुणीतरी दुकानात उभं राहून अडाणी ठरवतंय, आणि हा दात काढतोय! मला आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

आणि आता माझंही सांगते, कारण नुसतं दादाला झोडून मी नामानिराळी राहणार नाही. त्या आठवड्यात मी रोज पाच-सहा दारं उघडत होते. जेवण चार वाजता. आकडेवाला म्हणाला, फॉर्म ठेवला की खरी गिऱ्हाईकं आणि नुसते चौकशी करणारे वेगळे होतील, तुमची दमछाक थांबेल. मी मान हलवली. मला वाटलं, बरंय, जरा श्वास घेता येईल. घोडं कुठे पेंड खातंय, हे मला दिसायला हवं होतं. कुलपं मी उघडते, तो नाही.

त्याने वेबसाईट नवी केली. नंबर वरून काढला. का? तर म्हणे, "नंबर वर असला की लोक फोन करतात आणि जातात." हे तो दोष म्हणून सांगत होता, बरं का! आता तिथे "आमची वाटचाल" आली, कुलपांचे प्रकार आले, सुरक्षिततेच्या दहा सूचना आल्या, दुकानाचे फोटो आले. एका फोटोत बाबा उभे, मागे पाटी. आणि प्रत्येक पानाखाली एक बटण. ते दाबलं की सात रकान्यांचा फॉर्म. भरला की उत्तर यायचं, आम्ही चोवीस तासांत आपल्याशी संपर्क साधू. चोवीस तास! बाहेर पायजम्यावर उभ्या असलेल्या माणसाला!

"आणि नंबर कुठाय?" आत्याने विचारलं.

"त्याची गरजच राहणार नाही, मावशी. आपणच त्यांना फोन करणार."

दर महिन्याला रिपोर्ट येऊ लागला. हिरवे बाण, सगळे वर जाणारे. कुलूपवाला म्हणून कुणी शोधलं की आमचं नाव आता सगळ्यांत वर. येणारे लोक दुप्पट. थांबण्याची वेळ आठ सेकंदांवरून दोन मिनिटांच्या पुढे. दादाने तो कागद छापून माझ्या मशीनवरच्या भिंतीला चिकटवला. मी किल्ली कापायला वाकले की तो बाण माझ्या नाकासमोर.

फोन मात्र गप्प झाला. पाटीवरून, ओळखीतून यायचे तेवढेच. वेबसाईटच्या रकान्यात एकोणिसाच्या तीन झाल्या, त्याही फॉर्म भरणाऱ्यांच्या. आत्याने वही उघडून दादासमोर ठेवली. त्याने बघितलीसुद्धा नाही नीट. म्हणाला, "आत्या, या रेघोट्या आहेत. तो डेटा आहे."

मग त्याच्या डोक्यात दिवा लागला. फोन वाजत नाही, म्हणजे फोनवर माणसाची गरज नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! येत्या एक तारखेपासून फोनला रेकॉर्ड केलेला आवाज जोडायचा आणि आत्याने घरी आराम करायचा. सव्वीस वर्षं बसलेल्या बाईला त्याने हे उभ्या उभ्या सांगितलं, एका हातात चहाचा कप धरून.

आत्या म्हणाली, "बरं."

मी दादाशी भांडले. दुकानात भांडले, घरी भांडले, वहिनीसमोर भांडले. तो एकच पालुपद लावायचा, "वाजतो का फोन? सांग ना, वाजतो का?" मी आत्यावर घसरले, "तू का मूग गिळून बसलीयेस? बोल ना काहीतरी!" ती खण आवरत होती. म्हणाली, "काय बोलू गं? फोन वाजत नाही हे खरंच आहे. कदाचित लोकांना खरंच नको असेल आता माणूस." आणि खणातली जुनी पेन्सिलींची टोकं एका डबीत भरायला लागली. तिला घरात कुणी नाही, हे दादाला माहीत होतं. घरी गेली की ती भिंतींशी बोलणार, हेही माहीत होतं.

एकोणीस तारखेला दुपारी एक बाई दुकानात आली. तिशीची असेल. उजव्या हाताला कोपरापर्यंत बँडेज. मी बसा म्हटलं, बसली नाही.

"इथे फोन कोण घेतं?"

"मी," आत्या म्हणाली.

"कुठाय तो फोन? मला बघायचाय."

आत्याने बोट दाखवलं. ती बाई त्या हिरव्या फोनकडे बघत राहिली आणि मग फाडफाड बोलायला लागली. दहा दिवसांपूर्वी, मंगळवारी, सकाळी सव्वाअकराच्या सुमाराला ती कचरा ठेवायला दाराबाहेर आली. मोबाईल कानाला होता. वाऱ्याने दार लागलं. आत दीड वर्षाचा मुलगा, आणि गॅसवर दूध. मजल्यावर दुसरं कुणी नाही. तिने मोबाईलवर कुलूपवाला शोधला, सगळ्यांत वर आम्ही. आमची वेबसाईट उघडली. नंबर कुठेच नाही. हे पान बघ, ते पान बघ. फॉर्म भरायला घेतला, तर तो ई-मेल मागतोय, पिनकोड मागतोय, कुलपाचा प्रकार निवडा म्हणतोय. आतून पोराचं रडणं, मग दूध उतू जाऊन गॅस विझल्याचा वास. शेवटी तिने दाराशेजारची काच हाताने फोडली.

"बाळ?" आत्याने विचारलं.

"बरा आहे."

"हात?"

"दोन बोटं मिटत नाहीत. मी केस कापते. पार्लरमध्ये. कात्री धरता येत नाही." मग आवाज चढवून म्हणाली, "फोन आहे, समोर माणूस बसलंय, मग नंबर लपवलात कशाला? लपवायचा होता तर दुकान कशाला मांडलंत?"

एवढ्यात दादा आतून आला आणि काय बोलला असेल? "तुम्ही फॉर्म पूर्ण भरला असतात तर..." माझ्या हातात कानस होती. कशी आवरली ते माझं मला माहीत.

आत्याने पत्ता विचारला. कुणालाही पत्ता विचारल्याशिवाय ती सोडत नाही. बाईने सांगितला, आणि ती गेली. आत्याने वही उघडून नऊ तारखेचं पान काढलं. एकही रेघ नव्हती. कोरं पान. ती त्यावर हात ठेवून बसली. संध्याकाळी मला म्हणाली, "मी इथेच होते गं. अकराला. करायला काही नव्हतं म्हणून फोनची वायर पुसत होते." त्या दिवशी तिने डबा उघडला नाही, आणि दुसऱ्या दिवशीही नाही.

महिनाअखेरीस आकडेवाला रिपोर्ट घेऊन आला. आत्याचा तो शेवटचा आठवडा. दादाने मुद्दाम तिला आणि मला काउंटरपाशी बसवलं, आम्हालाही पटावं म्हणून. हिरवे बाण झाले, तक्ते झाले. मग दादा स्वतःच कागद घेऊन वाचायला लागला, कौतुकाने, पोराचं प्रगतिपुस्तक वाचावं तसा. "हे बघा, या महिन्यातला सगळ्यांत चांगला पाहुणा. एकटा माणूस, सहा मिनिटं चाळीस सेकंद! नऊ पानं बघितली. 'आमची वाटचाल' दोनदा उघडली. आणि बाबांचा फोटो मोठा करून बघितलाय, तीन वेळा. बाबांचा फोटो, आत्या!"

"तारीख काय?" आत्याने विचारलं.

"तारीख कशाला?"

"वाच."

आकडेवाल्यानेच लॅपटॉपवर बघून सांगितलं. "नऊ. मंगळवार. अकरा चौदाला आले, अकरा वीस झाल्यावर गेले."

आत्या उठून उभी राहिली. सव्वीस वर्षांत मी तिला चिडलेलं पाहिलं नव्हतं. तिचा आवाज मोठा झाला नाही, पण दादा एक पाऊल मागे सरकला. "तुझ्या बाबांच्या मागे पाटी आहे. पाटीवर नंबर आहे. ती पोर तो नंबर वाचायला बघत होती. आत तिचं लेकरू रडत होतं आणि ती तुझ्या बापाच्या फोटोतून नंबर शोधत होती. तो तुझा चांगला पाहुणा!"

आकडेवाल्याचा चेहरा पांढरा पडला. त्याच्याबद्दल एवढं सांगायला हवं, तो निगरगट्ट नव्हता. हळूच म्हणाला, "आकड्यांमधून हे कळत नाही, मावशी."

"विचारलं की कळतं," आत्या म्हणाली. "नंबर वर घे. आत्ता. माझ्यासमोर."

त्याने घेतला. चार मिनिटं लागली. चार मिनिटांचं काम होतं ते, आणि पाच महिने ते कुणी केलं नाही, मीसुद्धा नाही. भिंतीवरचा कागद मी फाडला, अर्धा गोंदाला चिकटून तिथेच राहिला.

दादा म्हणाला, "आत्या, चुकलं माझं. तू राहा. एक तारखेचं विसर."

"राहीन," ती म्हणाली. "पण आधी तू तिच्या घरी जा. हा कागद ने आणि यात काय लिहिलंय ते तिला वाचून दाखव."

"अगं, म्हणजे चूक लेखी कबूल केल्यासारखं होईल. उद्या तिने केस ठोकली तर?"

शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड! मी तोंड उघडलं होतं, पण आत्याने मला हाताने थांबवलं. "ठोकू दे. नाहीतर मी घरी बसते, तुझं मशीन बोलेल लोकांशी. आत पोर आहे म्हणून कुणी रडलं, की त्याला सांगेल, एक दाबा, दोन दाबा."

आत्या आजही त्या खुर्चीत आहे, हे सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. दादा गेला. त्याच दिवशी संध्याकाळी. वाटेत त्याचे पाय दुसरीकडे वळू नयेत म्हणून मीही बरोबर गेले.

तिसरा मजला. दाराशेजारच्या खिडकीला काचेच्या जागी पुठ्ठा लावलेला होता. तिने डाव्या हाताने दार उघडलं. मुलगा तिच्या पायाला बिलगून आमच्याकडे बघत होता. दादाने आत बोलावण्याची वाट बघितली नाही, तिनेही बोलावलं नाही. त्याने सगळं सांगितलं. नंबर का काढला, कुणी काढला, पैसे देऊन काढून घेतला, सगळं. मग कागद उघडून वाचायला लागला आणि सहा मिनिटांपाशी अडकला.

तिने त्याच्या हातातून कागद घेतला आणि स्वतः वाचला. सावकाश, प्रत्येक ओळ.

"म्हणजे मी शोधत होते ते तुम्हाला दिसत होतं?"

"नोंद होत होती," दादा म्हणाला. "आम्ही बघितलं आज."

"आणि बघून काय वाटलं तुम्हाला?"

मी म्हटलं, "सांग."

"वाटलं," तो म्हणाला, "तुम्हाला आवडली वेबसाईट."

तिने मान हलवली, हिशोब जुळल्यावर हलवतात तशी. कागदाची घडी घालायला गेली, पण उजव्या हाताची बोटं मिटेनात. कागद खाली पडला. दादा उचलायला वाकला, तेवढ्यात त्या छोट्याने तो उचलून आईच्या डाव्या हातात दिला.

"हा माझ्याकडे राहू दे," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

दादा जिन्याच्या पायरीवर बसला. निघतानाच, परतीच्या वाटेत त्याला काय काय सुनवायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. मी भिंतीला टेकून उभी राहिले. आतून पोराचा आवाज येत होता, काहीतरी मागत होता, आणि ती म्हणत होती, थांब, मला एका हाताने उघडत नाही.